कातळाच्या कडेकडेने

आधी गाडी सुरू करू नका. नुसते बसा. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकू द्या, हात पेट्रोलच्या टाकीवर ठेवा. हेल्मेटची काच खाली घेतली की स्वतःचा श्वास ऐकू येतो. तो आत येताना आणि बाहेर जाताना थोडा वेळ ऐका.

ऑगस्टची सकाळ आहे, म्हणजे इथला हिवाळा. गाव तामारिन, मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. आज आपल्याला बेटाचा नैऋत्य कोपरा फिरायचा आहे: किनाऱ्याने दक्षिणेला, मग उसाच्या रानातून वर पठारावर, तिथून जंगलातून पश्चिमेकडे आणि शेवटी घाट उतरून खाली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. घाई केली तर दुपारच्या जेवणाआधी उरकेल, म्हणूनच घाई करायची नाही.

दिवसभर मनाला एकच काम द्या. डोळे आपोआप डोंगरमाथ्यांकडे आणि समुद्राकडे जातील, त्यांना जाऊ द्या. पण प्रत्येक थांब्यावर लक्ष पुन्हा खाली, जमिनीकडे आणा. हा दगड कुठून आला? तो इथून तिथे कुणी हलवला? एवढे दोनच प्रश्न. आता किल्ली फिरवा.

वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे अंगाला नवं काही शिकावं लागत नाही. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर. तामारिनची मिठागरं मागे पडतात. काळ्या दगडांचे बांध घालून केलेले उथळ चौकोन, त्यांत उन्हानं आटत जाणारं खारं पाणी. हे बेटाचं कोरडं अंग आहे. आग्नेयेचा वारा ढग आणतो, ते मधल्या पठारावर आपला पाऊस सांडतात आणि इकडे येईपर्यंत रिते होतात. पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, या किनाऱ्यावर हजाराच्या आत. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण आणि दुसऱ्या अंगाला माण-खटाव बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ल मोर्न दिसू लागला की वेग कमी करा. समुद्रात पुढे घुसलेल्या जमिनीच्या टोकावर एकटा उभा असलेला हा डोंगर, ५५६ मीटर उंच, कडे जवळजवळ उभे. त्याच्या पायथ्याशी गाडी लावा, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्यांवर आणि गुहांमध्ये लपून राहत. मादागास्कर, आफ्रिकेचा पूर्व किनारा आणि हिंदुस्थान अशा तिन्हीकडून आणलेली ती माणसं होती. वर जायच्या वाटा मोजक्या, म्हणून ही जागा सुरक्षित. २००८ साली युनेस्कोनं हा डोंगर जागतिक वारसा म्हणून नोंदवला, तो सौंदर्यासाठी नाही, या आसऱ्यासाठी. १ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी कायद्यानं संपली. लोककथा अशी आहे की ती बातमी सांगायला शिपाई डोंगराकडे येताना दिसले, वरच्यांना वाटलं आपल्याला धरायलाच आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही कथा कागदपत्रांनी सिद्ध झालेली नाही, पण बेटावरच्या माणसांनी ती जपली आहे, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं. कागदपत्रांनी सिद्ध झालेली गोष्ट वेगळी आहे: मुक्ती देताना ब्रिटिश सरकारनं नुकसानभरपाई दिली, ती मालकांना. मुक्त झालेल्यांना काही नाही.

कड्याकडे बघा. त्याच्या पायापासून माथ्यापर्यंत नजर सावकाश वर न्या. प्रत्येक श्वासाला थोडी वर. एखाद्या खाचेपाशी नजर अडखळली तर तिथेच राहू द्या. रात्री, अनवाणी, इथून कुणी वर गेलं असेल तर हात कुठे ठेवला असेल? उत्तराची गरज नाही. हातानं जवळच्या एखाद्या खडकाला स्पर्श करा आणि मग निघा.

पुढचा रस्ता पाण्याला चिकटून जातो. बऱ्याच ठिकाणी डांबर आणि समुद्र यांच्यामध्ये दगडांची बुटकी भिंत, एवढंच अंतर. प्रवाळाची रांग दूर आत आहे, लाटा तिथेच फुटतात. त्यामुळे अलीकडचं पाणी निवांत असतं. गिअर बदलण्याचीही फारशी वेळ येत नाही. खांदे सैल आहेत का बघा. जबडा आवळलेला असेल तर सोडा. हँडलवरची पकड अर्धी करा. गाडी सरळच जाईल.

मग माकोंदे येतं. डोंगराचा सुळका समुद्रात उतरला आहे आणि रस्ता त्याच्या नाकावरून वळसा घालून जातो. मोटरसायकलवाल्यांना हे वळण फार प्रिय आहे आणि का ते अंगाला कळतं: गाडी कलते, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकाला लागते, आणि त्या दोन क्षणांत मनात दुसरं काही राहत नाही. पण वळण झालं म्हणून पुढे निघून जाऊ नका. पलीकडे जागा बघून गाडी लावा आणि चालत मागे या. थोड्या पायऱ्या चढल्या की वरून सगळी खाडी दिसते. तीही बघा, पण आधी दगड.

काळा, बारीक कणांचा, मध्येमध्ये बुडबुड्यांच्या भोकांचा. हात ठेवा. उन्हानं कोमट झाला असेल. ताम्हिणी उतरताना, वरंध्यात, आंबोलीच्या घाटात रस्त्याच्या कडेला असाच कातळ तुम्ही आयुष्यभर पाहत आला आहात, आणि ओळख पटल्यासारखं वाटलं तर तो भास नाही. भूवैज्ञानिकांनी या ओळखीचा माग काढला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्रोतावरून सरकत होती. त्या स्रोतातून लाव्हाचे थरांवर थर बाहेर आले आणि दख्खनचं पठार झालं. सह्याद्री ही त्या पठाराची पश्चिमेची कड. भूमी उत्तरेकडे सरकत गेली, स्रोत तिथेच धगधगत राहिला. त्याच्या मार्गावर समुद्रतळाशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशा रांगा उठत गेल्या. मग कधीतरी, सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस पाण्याबाहेर आलं. आज तोच स्रोत इथून सुमारे दोनशे किलोमीटरवर, रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून अधूनमधून लाव्हा ओकतो.

हात दगडावरच असू द्या. हे आकडे मनात धरून ठेवायचा प्रयत्न करू नका, ते मावणार नाहीत. एवढंच धरा: रायगडचा कडा आणि हा कडा एकाच आगीतून आले. मधे साडेचार हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आहे, आणि साडेपाच कोटी वर्षं. एक श्वास रायगडसाठी घ्या, एक या कड्यासाठी. मग हात काढा.

खाली बे द्यु काप नावाचं लहानसं गाव आहे. डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजून परतताना गळकं जहाज घेऊन या खाडीत शिरला. बेट तेव्हा फ्रेंचांचं होतं, आणि फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात पुन्हा युद्ध सुरू झाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. दुरुस्तीसाठी थांबलेला हा माणूस साडेसहा वर्षं या बेटावर कैदेत राहिला. किनाऱ्याजवळ त्याचं स्मारक आहे. तिथे मिनिटभर उभं राहून मनात ठेवावं, की आपण दिवसात ज्याला वळसा घालतो ते कुणाला वर्षानुवर्षं ओलांडता आलं नव्हतं.

दक्षिण किनाऱ्यावर सुयाकजवळ ग्री-ग्रीला प्रवाळाची रांग तुटलेली आहे. बेटाला जवळजवळ सगळीकडून कवेत घेणारी ती भिंत इथे नाही, म्हणून अख्खा महासागर थेट कातळावर येऊन आदळतो. कड्यावर सुरूची झाडं आहेत. पोहायचं नाही, पाट्या लावलेल्या आहेत आणि त्या मानाव्यात. डोळे मिटून बसा. एक लाट आदळते ते ऐका, मग तिचं मागे ओढलं जाणं ऐका, मग मधली जागा. विचार आला तर येऊ द्या. पुढची लाट त्याच्यावरून जाईल. हवं तेवढा वेळ बसा.

आता समुद्राकडे पाठ करून वर चढायचं. आणि इथून पुढे, माझ्या मते, आजच्या दिवसाचं खरं काम सुरू होतं.

रिव्हिएर देझ आंगीयच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा आहे. जूनपासून तोडणी चालू असते, त्यामुळे काही रानं मोकळी झालेली, काहींत तुरे वाऱ्यावर. ट्रॅक्टरच्या मागे जाळीच्या ट्रॉल्या. मोकळ्या रानांत नजर टाका. मधोमध काळ्या दगडांचे ढीग दिसतील. काही छातीएवढे, काही दुमजली घराएवढे, काही लांबच लांब भिंतीसारखे रचलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, जुन्या गढ्या असाव्यात. बाजूला सुरक्षित जागा बघा, गाडी थांबवा, साइड स्टँड घट्ट जमिनीवर लागला याची खात्री करा आणि उसाच्या कडेला उभे राहा.

हे बेट लाव्हाचं आहे, म्हणजे त्याची माती दगडांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायचे. डचांनी १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला, पण मोठे मळे फ्रेंचांनी आणि त्यांच्यानंतर १८१० पासून इंग्रजांनी केले. दगड वेचणारे हात आधी गुलामांचे होते. गुलामगिरी संपायच्या आदल्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, हिंदुस्थानातून कंत्राटी मजुरांचं पहिलं जहाज पोर्ट लुईला लागलं. १९१० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं अशी आली. बहुतेक कलकत्त्याहून, पुष्कळ मद्रासहून आणि काही मुंबई बंदरातून. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं होती. पगार महिन्याला पाच रुपये आणि शिधा, करार पाच वर्षांचा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम होता.

बेटावरच्या घराघरांत एक गोष्ट सांगितली जाते. गावोगाव फिरणाऱ्या दलालांनी सांगितलं होतं, तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं.

ही ओळ वाचून पुढे जाऊ नका. तिच्याबरोबर थोडं थांबा.

आता ढिगाच्या कडेचा एखादा सुटा दगड दोन्ही हातांनी उचला, नारळाएवढा. वजन मनगटात येऊ द्या. लिटरच्या बाटलीएवढा असा दगड अडीच ते तीन किलो भरतो. डोळे मिटा. समजा, तुम्ही खेडच्या किंवा राजापूरच्या बाजूचे आहात. गावी वरकस जमिनीतले दगड वेचून बांध घालत होतात, तोच दगड, तोच रंग, तीच भोकं. कित्येक आठवडे जहाजात काढून, कुणाला न समजणारी भाषा तोंडात घेऊन तुम्ही इथे उतरलात आणि पहिल्या सकाळी वाकून जे उचललंत ते हेच. त्या माणसाला भूगर्भशास्त्र माहीत नव्हतं. पण हातांना ओळखीचं काही लागलं असेल का? धीर आला असेल, की घशात आवंढा आला असेल? मला दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्हींना मनात शेजारी शेजारी जागा द्यावी असं वाटतं. उलटलेल्या दगडाखाली ओली लाल-तपकिरी माती होती. तिच्यातून साखर निघाली, आणि साखरेतून सोनं झालं ते दुसऱ्यांच्या घरी.

ढिगाकडे पुन्हा बघा, आता एकसंध ढीग म्हणून नाही. एक दगड निवडा, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या वरचा. विसाव्या शतकात यंत्रं आली आणि काही ढीग त्यांनी रचले, काही हलवले. पण जुन्या ढिगांतला प्रत्येक दगड एकदा तरी कुणाच्या तरी दोन हातांत आणि कमरेत होता. त्यांची नावं इथे कुठेच कोरलेली नाहीत. हातातला दगड जिथून उचलला तिथेच, तसाच ठेवा.

भूक लागली असेल. रस्त्याकडेला काचेची पेटी लावलेली मोटरसायकल दिसली तर थांबा. डाळीचं पुरण भरलेली मऊ दालपुरी, वर उसळ आणि तिखट चटणी, कागदात गुंडाळून देतात. उभ्या उभ्या खा, पण सावकाश.

चढ लागतो, हवा गार होते, जॅकेटची चेन वर जाते. ब्वा शेरीचे चहाचे मळे, मग गंगा तलाव. विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं हे तळं. भाविकांच्या श्रद्धेनुसार त्याचा भागीरथीशी संबंध आहे, आणि १९७२ साली गंगेचं पाणी आणून त्यात ओतलं गेलं. प्रवेशाजवळ शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो माणसं कावडी खांद्यावर घेऊन चालत इथे येतात. मला मूर्तीपेक्षा तळ्याची काठं जवळची वाटतात, जिथे लहान घुमट्या आहेत आणि दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. पायरीवर बसा. खाली पाणी, पाण्याखाली थंड झालेला लाव्हा.

तळ्यापासून पेत्रँमार्गे प्लेन शाम्पान्यचा रस्ता जंगलातून जातो. इथे १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं मोठं. धुकं असेल तर दिवे लावा, वेग आणखी कमी करा, वळणावर शेवाळानं ओलसर झालेल्या डांबराकडे लक्ष ठेवा. दोन्ही बाजूंचं हिरवं बघताना हेही आठवा, की या बेटावरचं चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. डच १५९८ मध्ये आले, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. बाहेरून आणलेल्या पेरूच्या जातीनं आता मूळ झाडांखालची जागा व्यापली आहे. ती हातानं उपटावी लागते आणि उपटणारी माणसं आज या जंगलात काम करतात. इथला लहान ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरल्याचं माहीत होतं. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, पुन्हा रानात सोडून त्याला शेकड्यांपर्यंत परत आणलं. हात हा शब्द मी इथे मुद्दाम दुसऱ्या अर्थानं आणतो आहे: उचलणारे हात जसे, तसे हे सांभाळणारे.

दरीच्या कठड्यापाशी उभे राहा. खाली पांढरे, लांब शेपटीचे पक्षी संथ गोल फिरत असतात. पलीकडे ८२८ मीटरचं बेटावरचं सर्वांत उंच शिखर. ही सगळी शिखरं एका प्रचंड ज्वालामुखीच्या कडेचे उरलेले तुकडे आहेत. मधला भाग खचला, कड तेवढी राहिली. पाऊस ती कड रोज थोडी थोडी खाली नेतो.

तो पाऊस दगडाचं काय करतो ते शामारेलला दिसतं. तिथली सात रंगांची जमीन बघायला गर्दी असते, फोटो निघत असतात. गर्दीतही कठड्याला टेकून थोडा वेळ एकाच रंगाकडे बघत राहा, तांबड्या. हा सकाळी हात लावलेला कातळच आहे. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, त्यांचेच हे तांबडे, तपकिरी, जांभळट पट्टे. कोकणातला जांभा दगड असाच कातळ कुजून झालेला असतो. रत्नागिरीच्या सड्यावर उभं राहिलेल्या पायांना ही जमीन परकी नाही.

शामारेलहून काझ न्वाइयालला उतरणारा घाट तीव्र आहे. ब्रेकवर विसंबू नका, खालच्या गिअरमध्ये इंजिनला गाडी धरू द्या. समोर पुन्हा समुद्र, त्यात ल मोर्न, आता तिरप्या उन्हात. किनाऱ्याने उत्तरेला या आणि तामारिन ओलांडून थोडं पुढे कास्कावेलला जा. मराठी मॉरिशियनांची ही जुनी वस्ती आहे आणि इथे विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. त्या दिवसांत इथे झाकरी नाचतात. गोल रिंगण, पायांत घुंगरू, तो आपला रत्नागिरीचा जाखडी नाच. पुष्कळांच्या घरी रोजची भाषा क्रियोल आहे, मराठी शाळेत शिकलेली. देवळात आरती मात्र मराठीतच होते.

कुणी बोलायला आलं, आणि तुम्ही महाराष्ट्रातून आलात हे कळलं, तर बसा. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत कंत्राटी मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवलेल्या आहेत: जहाज, तारीख, क्रमांक, वय, बापाचं नाव, गाव, पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही. तिथून आपल्या पणज्याची नोंद मिळवलेली माणसं इथे आहेत. गावाचं नाव मात्र परक्या कारकुनानं जसं कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे नकाशावर ते सापडत नाही. तो कागद तुमच्यापुढे आला तर हातात घ्या, नाव हळू आणि मोठ्यानं वाचा, दोन-तीन तऱ्हांनी उच्चारून बघा. संगमेश्वराकडचं वाटतं का? देवगडचं? पाटणचं? ओळखता आलं तर तालुका सांगा. नाही आलं तर त्यांना विचारून नाव लिहून घ्या आणि परत आल्यावर त्या बाजूच्या माणसांना विचारा.